ललितकलादर्शाचा सोन्याचा काळ कोणता?

सोलापुरातून अक्कलकोटच्या रस्त्याला लागले, की एमआयडीसीची वसाहत येते. चादरी आणि टॉवेल विणणाऱ्या मागांचा खडखडाट तिथे चालू असतो. पाळी सुटते, कामगार चहाच्या गाड्यापाशी जमतात. मागांचा आवाज मागे पडतो आणि माणसांचा सुरू होतो. कोणी म्हणतो, क्रिकेट खरे गावसकरच्या वेळचे. दुसरा म्हणतो, छे! तेंडुलकरशिवाय क्रिकेट ते काय? तिसऱ्याच्या मते हल्लीच्या पोरांसारखे खेळणारे पूर्वी कोणी नव्हतेच. चहा निवतो, पण वाद निवत नाही.

हा वाद नवा नाही. आपल्या आज्या-पणज्यांनीही तो घातला आहे. मात्र त्यांचा विषय क्रिकेट नव्हता. संगीत नाटक होता. तुम्ही किर्लोस्करवाले, की गंधर्ववाले, की ललितकलावाले, यावरून पंगतीत पाने सोडून उठणारी माणसे होती म्हणतात. यांपैकी ‘ललितकलादर्श’ या मंडळीचा वाद तर विशेष रंगणारा. कारण ही मंडळी फार काळ टिकली, आणि तिचा मुख्य गायक नट एक राहिला नाही. एकामागून एक असे तिघे झाले. केशवराव भोसले, बापूराव पेंढारकर आणि भालचंद्र पेंढारकर. मग प्रश्न आलाच, की खरी ललितकला कोणाची?

आज याच प्रश्नाचा थोडा विचार करू. करमणूक म्हणून तर करूच. पण इतिहास शिकवणाऱ्या शिक्षकबंधू-भगिनींनीही याकडे लक्ष द्यावे अशी विनंती आहे. ‘पूर्वीचे ते सोन्यासारखे’ असे आपण सहज बोलून जातो. ते बोलणे तपासायचे कसे, हे या एका मंडळीच्या इतिहासातून चांगले समजते.

प्रथम हकीकत सांगतो. केशवराव भोसले ९ ऑगस्ट १८९० रोजी कोल्हापुरात जन्मले. घरची गरिबी. अगदी लहान वयात ते स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत दाखल झाले आणि देवलांच्या ‘शारदा’ नाटकातली शारदा करू लागले. त्या काळी स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करीत, आणि गोड गळ्याचा मुलगा म्हणजे मंडळीची दौलत. पुढे ती मंडळी सोडून त्यांनी १ जानेवारी १९०८ रोजी हुबळीला स्वतःची मंडळी काढली. तीच ही ललितकलादर्श. मालकाचे वय किती, तर पुरते अठराही नाही!

हुबळी आपल्याला काही परकी नव्हे. होटगीला गाडी वळली, की विजापूर, गदग करीत ती हुबळीला जाते. कानडी मुलखात मराठी संगीत नाटकाला आपलेपणाने आसरा मिळाला, ही गोष्ट सोलापूरकराला वेगळी सांगायला नको. आपण स्वतःच मराठी, कानडी आणि तेलुगू अशा तिन्ही भाषांच्या शेजारात वाढलो आहोत.

केशवरावांनी आधी स्त्रीभूमिका केल्या, मग ते पुरुषभूमिकांकडे वळले. त्यांचा आवाज उंच, धारदार आणि तान अतिशय वेगवान, असे ऐकणारे सांगत. त्या वेळी ध्वनिक्षेपक नव्हता. हजार माणसांच्या शेवटल्या रांगेपर्यंत आवाज पोचवायचा तो छातीच्या जोरावर. शिवाय नाटक रात्री सुरू होऊन उत्तररात्री संपायचे. एकेका पदाला ‘वन्स मोअर’ पडत, आणि नटाला ते पद पुन्हा पुन्हा गावे लागे.

या काळाचा कळस म्हणजे ८ जुलै १९२१ चा मुंबईतला संयुक्त ‘मानापमान’चा प्रयोग. टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठी केशवराव आणि बालगंधर्व एका रंगभूमीवर आले. खाडिलकरांच्या नाटकातला धैर्यधर केशवराव झाले आणि भामिनी बालगंधर्व. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे मालक देशकार्यासाठी एकत्र आले. त्या प्रयोगाच्या आठवणी पुढे कितीतरी वर्षे लोक सांगत राहिले. आणि मग काय झाले? तीन महिने व्हायच्या आतच, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी केशवराव वारले. वय अवघे एकतीस.

आता विचार करा. मालक गेला आणि मुख्य गायकही गेला. अशा वेळी मंडळ्या मोडत असत. नट दुसरीकडे जात, सामानसुमान विकले जाई. ललितकलादर्श मात्र मोडली नाही. केशवरावांच्या हाताखाली तयार झालेले व्यंकटेश बळवंत ऊर्फ बापूराव पेंढारकर पुढे झाले. त्यांनी मंडळीचा भार घेतला आणि १९२२ साली मामा वरेरकरांचे ‘सत्तेचे गुलाम’ रंगभूमीवर आणले. असहकाराच्या चळवळीने देश ढवळून निघाला होता, आणि त्या विचारांची छाप या नाटकावर होती. १९२३ साली ‘तुरुंगाच्या दारात’ आले. त्याचा विषय अस्पृश्यता. आणि १९३२ साली ‘सोन्याचा कळस’. त्याचा विषय गिरणीतला मालक आणि मजूर! ज्या सोलापुरात १८७७ साली गिरणी उभी राहिली, आणि १९३० साली कामगारांनी कायदेभंगात उडी घेतली, त्या सोलापूरला हा विषय घरचाच. मामांनी त्याच सुमारास गिरणीकामगारांच्या जीवनावर कादंबरी लिहिली, तिचे नाव ‘धावता धोटा’. धोटा म्हणजे काय, हे पुण्या-मुंबईच्या वाचकाला समजावून सांगावे लागेल. अक्कलकोट रोडच्या माणसाला नाही.

त्या वर्षांत एक संकट आले. १९३१ साली ‘आलम आरा’ हा बोलपट निघाला, १९३२ साली प्रभातचा मराठी ‘अयोध्येचा राजा’ आला. दोन आण्यांत गाणे, नाच, राजवाडे आणि लढाया पाहायला मिळू लागल्यावर नाटकाला कोण जातो? मोठमोठ्या मंडळ्या खचल्या. बापूरावांनी ललितकला चालवायची शर्थ केली. पण १५ मार्च १९३७ रोजी तेही वारले.

त्यांचे चिरंजीव भालचंद्र तेव्हा पंधरा वर्षांचे होते. त्यांचा जन्म २५ नोव्हेंबर १९२१ चा. म्हणजे केशवराव गेल्यावर दोन महिन्यांच्या आतला. १९४२ साली या तरुणाने ‘सत्तेचे गुलाम’ हेच वडिलांचे नाटक घेऊन ललितकलादर्श पुन्हा उभी केली. पुढे १९५७ साली बाळ कोल्हटकरांचे ‘दुरितांचे तिमिर जावो’, १९६० साली विद्याधर गोखले यांचे ‘पंडितराज जगन्नाथ’ आणि १९६६ साली गोखल्यांचेच ‘जय जय गौरीशंकर’. गोखल्यांच्या या दोन्ही नाटकांना वसंत देसाईंचे संगीत. ही पदे रेडिओवरून खेडोपाडी गेली. ज्यांनी जन्मात नाटकगृहाची पायरी चढली नव्हती, त्यांनीही ती गुणगुणली. भालचंद्र ऊर्फ अण्णा पेंढारकर ११ ऑगस्ट २०१५ रोजी निवर्तले. १९०८ ते २०१५ अशी ही तिघांची परंपरा.

झाली हकीकत. आता वादाकडे वळू.

केशवरावांचा पक्ष काय म्हणतो? तो म्हणतो, आवाज म्हणजे केशवरावांचा. बाकी सगळी नक्कल. बापूरावांचा पक्ष म्हणतो, नुसत्या गळ्यावर नाटक चालत नाही, विषय हवा; समाजाचे प्रश्न रंगभूमीवर आले ते बापूरावांच्या काळी. भालचंद्रांचा पक्ष म्हणतो, संगीत नाटक मेले म्हणून सगळ्यांनी हात झटकले होते, तेव्हा ते जगवले कोणी?

तिन्ही पक्षांत जोर आहे. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने निकाल देण्यापूर्वी पुरावा मागावा. केशवरावांना वारून शंभरावर वर्षे झाली. त्यांचे गाणे समजत्या वयात नाटकगृहात बसून ऐकलेला माणूस आज नाही. खुद्द भालचंद्रांनी त्यांना पाहिलेले नाही, मग इतरांची काय कथा! त्या काळी ग्रामोफोनच्या तबकडीच्या एका बाजूवर तीनेक मिनिटे गाणे मावायचे. अर्धा-अर्धा तास रंगणारे पद तीन मिनिटांत कोंबले तर काय उरेल? आणि सबंध नाटक मुद्रित करायची तर सोयच नव्हती. म्हणजे केशवरावांची कीर्ती आपल्यापर्यंत आली आहे ती लिहिलेल्या आणि सांगितलेल्या आठवणींतून. भालचंद्रांची गोष्ट निराळी. त्यांनी तर टेपरेकॉर्डर आल्यावर आपल्या आणि इतरांच्या नाटकांचे ध्वनिमुद्रण करून ठेवण्याचा ध्यासच घेतला. त्यांचे गाणे आपण आजही ऐकू शकतो, त्यातला एखादा कच्चा स्वरही दाखवू शकतो.

गंमत पाहा. ज्याचे ऐकता येते त्याचे दोष काढता येतात. ज्याचे ऐकता येत नाही तो निर्दोषच राहतो! केशवराव थोर नव्हते असे मी म्हणत नाही. बालगंधर्वांसारख्यांच्या जोडीला उभे राहून ज्याने नाटकगृह डोलवले, तो थोरच. पण त्यांना आठवणीच्या तराजूत तोलायचे आणि भालचंद्रांना टेपच्या तराजूत, हा न्याय नव्हे. दोन्ही पारड्यांत एकच माप हवे.

विलायतेतही असे वाद चालतात. ‘द क्यूअर’ नावाचा एक इंग्रज वाद्यवृंद १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून गातो आहे. उदास, काळोख्या सुरांच्या ज्या गाण्याला तिकडे ‘गॉथ रॉक’ म्हणतात, त्यात त्याचे नाव अग्रभागी घेतात. त्याचे चाहते भांडतात, की १९८१ चा ‘फेथ’ थोर, का १९८९ चा ‘डिसइंटिग्रेशन’? २०२४ साली त्यांचा नवा संग्रह निघाला आणि वादाला पुन्हा उकळी फुटली. पण तिथे दोन सोयी आहेत. पहिली, रॉबर्ट स्मिथ हा त्यांचा गायक आरंभीच्या दिवसांपासून आजवर तोच आहे. दुसरी, प्रत्येक काळाचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. आज सोळा वर्षांचे पोरही सगळे काळ एका संध्याकाळी ऐकून स्वतःचे मत बनवू शकते. आपल्या ललितकलेच्या वादात ही सोय नाही. म्हणून आपल्याला अधिक सावधपणे बोलायला हवे.

दुसरी सावधगिरी काळाच्या कुंपणाबद्दल. आपण म्हणतो, केशवरावांचा काळ गाण्याचा आणि बापूरावांचा काळ विषयाचा. पण थोडे खोदून पाहा. हुंड्याच्या चालीवर कोरडे ओढणारे वरेरकरांचे ‘हाच मुलाचा बाप’ याच मंडळीने केशवरावांच्या हयातीत केले. धर्मांतराचा प्रश्न हाताळणारे ‘संन्याशाचा संसार’ १९१९ चे, म्हणजे तेही केशवरावांच्याच काळातले. तेव्हा समाजाचा विषय बापूरावांनी आणला असे नाही. केशवरावांनी दार उघडले आणि बापूरावांनी ते उघडे ठेवले. तीच गोष्ट गाण्याची. रामकृष्णबुवा वझ्यांसारख्या जबरदस्त गवयाने मंडळीच्या नाटकांना चाली दिल्या, आणि पुढे भालचंद्रांनीही त्यांच्याचकडे तालीम घेतली. देखाव्याचेही तसेच. कोल्हापूरच्या आनंदराव आणि बाबूराव पेंटर या बंधूंनी केशवरावांसाठी पडदे रंगवले, पुढे पु. श्री. काळे यांनी बापूरावांसाठी खऱ्या घरासारखे देखावे उभे केले. ज्यांना आपण तीन काळ म्हणतो, त्यांचे धागे असे एकमेकांत गेले आहेत.

मागावर काम करणाऱ्यांना हे लवकर पटेल. बिमावरचा ताणा तोच राहतो. धोट्यातली कांडी संपली, की विणकर दुसरी घालतो, आणि कापड पुढे निघते. कापड हातात घेऊन कोणी विचारीत नाही, की कोणत्या कांडीचे सूत उत्तम? मात्र एक गोष्ट जाणता विणकर जरूर पाहतो. कांडी बदलली त्या जागी कापडात दोष राहिला का? तिथे विणकराचा कस लागतो.

आता तुम्ही म्हणाल, गुरुजी, हे सगळे खरे. पण तुमचे मत काय ते सांगा की! सांगतो. वादात पडलो आहे तर अंग चोरून चालायचे नाही.

माझा कौल बापूराव पेंढारकरांच्या पंधरा वर्षांना. चकित झालात? सहसा हे नाव कोणी पहिले घेत नाही. एका बाजूला केशवरावांची दंतकथा आणि दुसऱ्या बाजूला भालचंद्रांची ध्वनिमुद्रिते, या दोहोंमध्ये बापूराव झाकले गेले. पण कांडी बदलण्याची अवघड जागा त्यांच्या वाट्याला आली. रसिकांच्या कानांत केशवरावांची तान ताजी होती. बापूरावांनी तोंड उघडले, की तुलना ठरलेली. केशवरावांची बरोबरी करण्याच्या नादात ते लागले असते, तर मंडळी दोन वर्षांत बसली असती. त्यांनी नाटकाच्या विषयावर, देखाव्यावर, सगळ्या संचाच्या कामावर भर दिला. एका माणसाच्या गळ्यावर उभी असलेली मंडळी त्यांनी अनेकांच्या खांद्यावर घेतली. केशवरावांनी मंडळी जन्माला घातली हे खरे. पण संस्थापकामागे संस्था जगू शकते, हे बापूरावांनी दाखवले. ते दाखवले नसते, तर १९४२ साली भालचंद्रांना पुन्हा उभे करण्यासारखे काय राहिले असते? आणि त्यांनी पुनरारंभाला नाटक निवडले ते बापूरावांचेच, हेही ध्यानात घ्या.

तुमचे मत निराळे असेल. असू द्या. माझ्या शेजारचे एखादे गृहस्थ म्हणतील, छातीच्या जोरावर गाऊन हजारांना बसवून ठेवणे हीच खरी कला. एखादी भगिनी म्हणेल, बायकांच्या भूमिका बायका करू लागल्या तेव्हाच नाटक पुरे झाले, आणि भालचंद्रांच्या मंडळीत ते दिसले; तेव्हा तोच काळ उत्तम. दोघांचेही म्हणणे रास्त आहे. फक्त आपण कशासाठी उत्तम म्हणतो, ते आधी सांगावे. गळ्यासाठी? विषयासाठी? की टिकून राहण्यासाठी? माप सांगितले, की भांडण मिटले नाही तरी त्याची चर्चा होते.

आणि या चर्चेत काही पणाला लागलेले असते. ‘पूर्वीसारखे आता नाही’ हे वाक्य उच्चारायला सोपे आहे. पण पुढे आलेल्या नव्या माणसाच्या पाठीवर ते ओझे होऊन बसते. बापूरावांनी ते वाहिले, भालचंद्रांनी वाहिले. तुमच्या गावच्या भजनी मंडळात, तमाशाच्या फडात, भारुडाच्या सोंगांत नवा मुलगा उभा राहतो, तेव्हा त्यालाही आपण हेच ऐकवतो. कितीजणांनी त्या एका वाक्याने टाळ खाली ठेवले असतील, याची मोजदाद कोणी केलेली नाही.

शिक्षकांना एक सुचवतो. वर्गातल्या मुलांना गावातल्या वृद्धांकडे पाठवा. गावात कोणती नाटके झाली, कोणता फड आला, कोण चांगले गात असे, हे विचारून मुलांनी लिहून आणावे. पण वहीचे दोन भाग करायला सांगा. एका भागात ‘स्वतः पाहिले, ऐकले’, दुसऱ्यात ‘दुसऱ्याकडून ऐकले’. साल ठाऊक असेल तर लिहावे. नसेल तर अमक्या दुष्काळाच्या आधी की नंतर, एवढे तरी विचारावे. आज जवळजवळ प्रत्येक घरात मोबाईल आहे; म्हाताऱ्या माणसाचे एक पद, एक अभंग त्यात मुद्रित करून ठेवावा. भालचंद्रांनी टेपवर केले, तेच काम आता चौथीतली मुलगीही करू शकेल.

हे लवकर करावे, कारण वस्तूही कायमच्या नसतात. कोल्हापूरला शाहू महाराजांनी खासबागेच्या मैदानाशेजारी नाट्यगृह उभारले, त्याला पुढे केशवराव भोसल्यांचे नाव दिले गेले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री त्या नाट्यगृहाला भयंकर आग लागली. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. दगडविटांची वास्तू पुन्हा बांधता येते, आणि ती पुन्हा उभी करायचे कामही हाती घेतले गेले. पण ज्यांनी केशवरावांना ऐकले त्या माणसांच्या कानांत जे साठले होते, ते त्यांच्याबरोबरच गेले.

तेव्हा वाद घाला, श्रोतेहो, खुशाल घाला. वाद घालणारा रसिक आहे म्हणून कला जगते. मात्र ज्याचे गाणे आज आपल्या दारात चालू आहे, त्यालाही थोडा वेळ बसून ऐका. पन्नास वर्षांनी त्याच्या काळाबद्दल कोणी वाद घातला, तर खरे काय होते ते सांगणारे साक्षीदार तुम्हीच असणार.